मॅच किती ओव्हरची ठेवायची?

सुगी आटोपली की गावोगाव क्रिकेट सुरू होते. भाताचे खाचर असो, गायरान असो, की शाळेमागचा माळ असो. तीन दांड्या रोवल्या की मैदान तयार! हा खेळ मूळचा इंग्रजांचा. आपल्याकडे तो पहिल्याने मुंबईच्या पारशी मंडळींनी उचलला. त्यांनी १८४८ साली आपला क्रिकेट क्लब काढला. त्या गोष्टीला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. आता तो खेळ वाडीवस्तीवर पोचला आहे. तेव्हा बॅट कशी धरावी आणि आउट कशाला म्हणावे, हे मी इथे सांगत बसणार नाही. ते तुम्हांला माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

इथे आपण एकच प्रश्न पाहू. सुट्टीच्या दिवशी, आपसात, नुसत्या करमणुकीसाठी मॅच खेळायची आहे. बक्षीस नाही, ढाल नाही, बाहेरगावचे भाड्याचे खेळाडू नाहीत. अशी मॅच कोणत्या पद्धतीने खेळावी?

कुणी म्हणेल, "मास्तर, यात विचार कसला? दहा ओव्हरची ठेवायची, झालं!"

बरे, ठेवू. आता काय होते ते पाहा. रविवारी चोवीस माणसे जमली. बारा-बारांचे दोन संघ झाले. दहा ओव्हर म्हणजे साठ चेंडू. पहिले दोघे चांगले खेळणारे. त्यांनीच चाळीस चेंडू खाल्ले. उरलेले वीस चेंडू पुढच्या तिघाचौघांत वाटले गेले. बारांपैकी सहाजणांच्या हाती बॅट आलीच नाही. चेंडू टाकायचा म्हणाल तर तेच तीन गडी आलटून पालटून टाकणार. मग ते सहाजण दिवसभर काय करत होते? उन्हात उभे होते. बाभळीखाली गेलेला चेंडू आणून देत होते.

हे सहाजण भांडत नाहीत, बरं का. ते काही बोलतही नाहीत. पुढच्या रविवारी ते येत नाहीत, इतकेच. चोवीसांचे अठरा होतात. अठरांचे बारा होतात. मग एके दिवशी, "आज माणसंच नाहीत" असे म्हणून सगळे घरी जातात. मी पस्तीस वर्षे शाळेच्या मैदानावर मुलांना खेळवले आणि गावची मॅचही पाहिली. पावसाने बंद पडलेली मॅच पुन्हा सुरू होते. भांडणाने मोडलेलीही महिन्याभरात जुळते. पण ज्यांना नुसते उभे केले, ते माणूस परत येत नाही. आठवडाभर कुणी गवंड्याच्या हाताखाली राबतो, कुणी दुकानात उभा असतो. त्याला सुट्टीचा एकच दिवस. तो त्याने दुसऱ्याची फटकेबाजी बघण्यात का घालवावा?

म्हणून मैत्रीच्या मॅचची पद्धत ठरवताना पहिला प्रश्न "किती ओव्हर?" हा नसावा. "आज आलो किती, आणि प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल?" हा असावा. ओव्हरचा हिशेब मग आपोआप निघतो.

तो हिशेब कसा करायचा ते आता पाहू. हिशेब घड्याळापासून सुरू होतो. मोठ्या कसोटी सामन्यात दिवसाचे सहा तास खेळ चालतो, आणि त्यात निदान नव्वद ओव्हर टाकाव्यात असा नियम आहे. म्हणजे एका ओव्हरला चार मिनिटे पडली. तिथे चेंडू अडवायला कुंपण असते आणि तो आणून द्यायला पोरे असतात. आपल्याकडे चेंडू घाणेरीत शिरतो, नाहीतर नाल्यात जातो. म्हणून आपण एका ओव्हरला पाच मिनिटे धरावी.

समजा, डिसेंबरचा महिना आहे. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तुम्ही तीन वाजता जमलात. तीन तास, म्हणजे एकशे ऐंशी मिनिटे हातात आहेत. पण सगळी जमेपर्यंत आणि टॉस होईपर्यंत पंधरा मिनिटे जातात. मधल्या चहापाण्याला आणखी पंधरा. राहिली दीडशे. दीडशेला पाचाने भागले की तीस ओव्हर आल्या. दोन्ही संघांना पंधरा-पंधरा. चार वाजता जमलात तर? मग नव्वद मिनिटेच उरतात. अठरा ओव्हर, म्हणजे एका बाजूला नऊ. हे गणित टॉसच्या आधी करायचे. नाहीतर पहिला संघ उजेडात खेळतो आणि दुसऱ्याला अंधारात चेंडू दिसत नाही. मग तंटा ठरलेला.

वेळेचा हिशेब न ठेवल्याची एक मोठी गोष्ट आहे. १९३९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन शहरी इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना झाला. निकाल लागेपर्यंत खेळायचे, दिवसांची मर्यादा नाही, असे ठरले होते. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्चला तरी चालूच! इंग्लंडला जिंकायला ६९६ धावा हव्या होत्या. ६५४ झाल्या. फक्त ४२ उरल्या. तोच पाऊस आला, आणि इंग्लंडच्या खेळाडूंना मायदेशी जाणारी बोट गाठायची होती. बोट काही थांबेना. सामना निकालाविना सोडून मंडळी निघून गेली. आपल्याला बोट गाठायची नसते. पण सहाला धार काढायची असते, साडेसहाची एस.टी. असते. तेव्हा सूर्याशी पैज मारू नये.

आता कुणाला वाटेल, ओव्हर कमी केल्या, नियम बदलले, तर ते खरे क्रिकेट कसले? हा समज चुकीचा आहे. मोठ्या लोकांनीही आपल्या सोयीने पद्धती बदलल्या आहेत. १९७१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे कसोटी सामना पावसात वाहून गेला. लोक तर खेळ पाहायला आतुर. तेव्हा एका दिवसात संपणारा, चाळीस-चाळीस ओव्हरचा सामना घेतला. तोच देशादेशांमधला पहिला एकदिवसीय सामना ठरला. गंमत म्हणजे त्या काळी तिकडे एका ओव्हरमध्ये आठ चेंडू असत. पुढे २००३ साली इंग्लंडात वीस ओव्हरचे सामने निघाले. दिवसभर कामावर असलेल्या माणसाला संध्याकाळी येऊन पुरता खेळ पाहता यावा, हा त्यात हेतू होता. आज टीव्हीवर तुम्ही जे पाहता, ते त्यातूनच वाढले.

गड्यांच्या संख्येचेही तसेच. क्रिकेटच्या नियमांच्या पुस्तकात पहिलाच नियम खेळाडूंचा आहे. अकरा-अकरा असावेत असे तो सांगतो. पण दोन्ही बाजू राजी असतील तर कमी किंवा जास्त गडी घेता येतात, असेही त्यातच लिहिले आहे. फक्त मैदानात एका वेळी अकरांपेक्षा जास्त उभे राहू नयेत. म्हणजे बारा-बारांची किंवा आठ-आठांची मॅच ही काही चोरटी मॅच नाही.

मात्र ठरवलेली पद्धत सगळ्यांना नीट कळली पाहिजे. १९७५ साली पहिला विश्वचषक झाला. सामने साठ ओव्हरचे होते. इंग्लंडने आपल्याविरुद्ध ३३४ धावा केल्या. आपला सुनील गावसकर पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळला, आउट झाला नाही, पण १७४ चेंडूंत त्याच्या धावा झाल्या ३६! आपण २०२ धावांनी हरलो. एवढा थोर खेळाडू, पण ती मॅच थोपवून धरण्याची नव्हती. त्याच्याबाबत असे झाले, तर आपल्या गावच्या म्हातारबाचे काय घेऊन बसलात! म्हणून आज कोणती मॅच आहे हे पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला आधी सांगावे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. प्रत्येकाला बॅट आणि प्रत्येकाला चेंडू मिळावा यासाठी कोणत्या पद्धती आहेत? मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती जोडीची पद्धत. ती बंदिस्त जागेतल्या क्रिकेटमध्ये चालते, आणि परदेशात लहान मुलांनाही तशीच खेळवतात. आपल्याकडे ती फारशी कुणी वापरत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बारा गड्यांच्या सहा जोड्या पाडायच्या. प्रत्येक जोडीला दोन ओव्हर. पहिली जोडी आली, बारा चेंडू खेळली, आणि परत गेली. मग दुसरी जोडी. सहा जोड्या, बारा ओव्हर. दोन्ही संघांच्या मिळून चोवीस ओव्हर. पाच मिनिटांच्या हिशेबाने एकशे वीस मिनिटे. तीन वाजता जमलात तर चहा घेऊनही उजेड उरतो.

"आणि आउट झाला तर?" तर तो बाहेर जात नाही! दोघांनी जागा बदलायची आणि खेळ पुढे चालू ठेवायचा. मात्र आउट झाल्याबद्दल संघाच्या पाच धावा कापायच्या. म्हणजे आउट होण्याला किंमत आहे, पण पहिल्या चेंडूवर दांडी उडालेला माणूस तोंड पाडून झाडाखाली जाऊन बसत नाही. त्याला आपले बाकीचे चेंडू मिळतातच.

धावा कापता कापता संघ शून्याच्या खाली जाऊ नये म्हणून प्रत्येक संघाला सुरुवातीलाच शंभर धावा देऊन ठेवाव्या. आता एक हिशेब करून पाहा. पाटी घ्या. पहिल्या संघाने ६८ धावा काढल्या आणि सहा वेळा गडी आउट झाले. शंभर अधिक अडुसष्ट, झाले १६८. सहा गुणिले पाच, तीस वजा. राहिले १३८. दुसऱ्या संघाने ५९ धावा काढल्या, पण तीनदाच आउट झाले. शंभर अधिक एकोणसाठ, १५९. पंधरा वजा. राहिले १४४. कोण जिंकले? दुसरा संघ, सहा धावांनी. फटके कमी मारूनही जिंकला, कारण त्याने गडी जपले. जो आडदांड मारतो त्याला हे आवडणार नाही. पण चार खेपा खेळला की तोही जोडीदाराला "जपून रे" म्हणू लागतो.

चेंडू टाकण्याचेही तसेच. बारा ओव्हर आणि बारा गडी. प्रत्येकाने एक ओव्हर टाकायची. दांड्यांमागे उभा राहणारा गडीसुद्धा एका ओव्हरपुरता दुसऱ्याला तिथे उभा करून आपली ओव्हर टाकतो. यात एकच अडचण येते. ज्याने कधी चेंडू टाकला नाही त्याचे वाइड फार पडतात. एक ओव्हर संपता संपत नाही. त्यावर तोड अशी, की एका ओव्हरमध्ये कितीही वाइड पडले तरी आठ चेंडूंच्या वर जायचे नाही. आठ झाले की ओव्हर संपली. समोरच्याला वाइडच्या धावा मिळाल्याच आहेत, मग तक्रार कसली?

पण काही गावांत मंडळी म्हणतात, "आउट म्हणजे आउट. आउट होऊन उभा राहणे आम्हांला पटत नाही." त्यांचेही बरोबर आहे. आउटमध्ये जी धडधड आहे ती पाच धावा कापून येत नाही. त्यांनी नेहमीची पद्धत ठेवावी, पण तिला दोन लगाम घालावे. एक लगाम बॅटवर. पंचवीस धावा झाल्या की त्या गड्याने आपणहून बाहेर यावे. सगळे आउट झाले आणि ओव्हर उरल्या, तर तो पुन्हा जाईल. दुसरा लगाम चेंडूवर. मोठ्या सामन्यात एका बॉलरला एकंदर ओव्हरच्या पाचव्या हिश्शाहून जास्त मिळत नाहीत. पन्नासात दहा, विसात चार. आपण याहून घट्ट करावे. दहा ओव्हर असतील तर एकाला एकच.

पंचवीसवर बाहेर बोलावले की चांगला खेळणारा कुरकुरतो. त्याला महाराष्ट्राच्याच एका खेळाडूची गोष्ट सांगावी. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा सामना होता. भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. त्यांच्या ४४३ धावा झाल्या, आणि ते आउट झाले नव्हते! त्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनची ४५२ ही जगातली सर्वांत मोठी धावसंख्या होती. निंबाळकर फक्त नऊ धावा मागे होते. महाराष्ट्राच्या ८२६ धावा झाल्या होत्या, त्याही चारच गडी गमावून. आणि काय झाले? काठियावाडच्या संघाने सामनाच सोडून दिला. पुढे चेंडू टाकायला कुणी राहिले नाही, आणि तो विक्रम राहून गेला. निंबाळकरांचा यात काही दोष नव्हता. तो मोठा, नावाचा सामना होता. त्यांनी खेळू नये तर काय करावे? पण खेळायला समोरचा लागतो, हे त्यातून दिसते. गावच्या मॅचमध्ये समोरचा म्हणजे आपलाच शेजारी. तो सोडून गेला तर दुसरा आणायचा कुठून?

माणसे कमी आली तर तिसरी पद्धत आहे. सहा-सहा गडी आणि पाच-पाच ओव्हर. हाँगकाँग येथे १९९२ पासून अशी मोठी स्पर्धा भरू लागली. दांड्यांमागचा गडी सोडून उरलेल्या पाचांनी एकेक ओव्हर टाकायची. पूर्वी तिथे ३१ धावा झालेल्या गड्याला बाहेर यावे लागे. ही मॅच पन्नास मिनिटांत होते. अठरा माणसे असतील तर सहा-सहांचे तीन संघ करावे. पहिल्याची दुसऱ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी, तिसऱ्याची पहिल्याशी. तीन मॅचना दीडशे मिनिटे लागतात, आणि एका दुपारी ती पुरतात. बसलेल्या संघातले दोघे पंच होतात, एकजण धावा लिहितो. पंच कुठून आणायचा हा प्रश्नच मिटला.

अख्खा दिवस मोकळा असेल, जसे की दिवाळीची सुट्टी, तर दोन डावांची मॅच घ्यावी. दहा ओव्हरचा एक डाव, असे दोन. सकाळी शून्यावर आउट झालेला दुपारी पुन्हा खेळतो. एवढ्यासाठी ती चांगली.

एखादा माणूस जास्त झाला तर त्याला परत पाठवू नये. त्याला दोन्हीकडून खेळवावे. पोरे त्याला कॉमन म्हणतात. पण दरवेळी त्याच एकाला कॉमन करू नये.

चेंडूबद्दल थोडक्यात सांगतो. कातडी चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो. टेनिसचा चेंडू ५८ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कातडी चेंडू जवळजवळ तिप्पट जड आणि दगडासारखा कठीण. आपले मैदान खाचखळग्यांचे. टप्पा पडून चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो. ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज हा कसोटी खेळाडू. डोक्याला हेल्मेट होते, मैदान उत्तम होते. तरी २५ नोव्हेंबर २०१४ रोजी चेंडू मानेवर लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. ज्या मॅचमध्ये पन्नाशीचे आणि पंधरा वर्षांचे एकत्र खेळतात, तिथे कातडी चेंडू आणूच नये. हे मी आग्रहाने सांगतो. टेनिसचा चेंडू घ्यावा. फार वयस्कर मंडळी असतील तर हात खालून फिरवून चेंडू टाकावा. मुंबईकडे आणि कोकणात तसे सामने पुष्कळ होतात, त्यात कमीपणा काही नाही.

खेळपट्टीची लांबी मात्र मनाने धरू नका. ती बावीस यार्ड, म्हणजे सहासष्ट फूट. शेतकऱ्याला हे माप लक्षात ठेवणे सोपे आहे. गुंठ्याची एक बाजू तेहेतीस फूट. दोन गुंठे एकापुढे एक ठेवले की झाली खेळपट्टी! पोरांसाठी आठदहा फूट कमी करावी.

आता संघ कसे पाडायचे? हा पद्धतीचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत नाजूक. वरची आळी विरुद्ध खालची आळी, ही भावकी विरुद्ध ती भावकी, या पार्टीचे विरुद्ध त्या पार्टीचे, असे संघ कधी पाडू नयेत. मॅच हरली की ग्रामपंचायतीतले जुने उकरून निघते. मुंबईत पूर्वी धर्मावर पाडलेले संघ खेळत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान, आणि १९३७ पासून बाकीच्यांचा पाचवा संघ. लोकांची तोबा गर्दी होई. १९४० साली गांधीजींनी या पद्धतीबद्दल नापसंती सांगितली. १९४६ साली हे सामने बंद झाले.

त्याच सामन्यांतले एक नाव तुम्हांला ठाऊक असावे. पळवणकर बाळू. हे चर्मकार समाजातले. पुण्याच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. डाव्या हाताने चेंडू असा वळवीत की साहेब लोक थक्क होत. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्यांनी शंभरावर गडी बाद केले. हिंदू संघाला ते हवे होते, कारण ते असले की संघ जिंके. पण पुण्यात खेळ थांबला की त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. म्हणून सांगतो, चहाची किटली एक असावी आणि पेले सगळ्यांचे सारखे असावे. हरणाऱ्याने भजी द्यायची अशी पैजही लावू नये. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो पैजेच्या भीतीने येत नाही. सगळ्यांनी थोडी थोडी वर्गणी काढावी, ते बरे.

संघ पाडण्याची आपली जुनी रीत फार शहाणपणाची आहे. सारख्या बळाच्या दोघांनी गळ्यात हात घालून बाजूला जायचे, गुपचूप नावे ठरवायची, आणि कप्तानांपुढे येऊन विचारायचे, "कोण घेणार वाघ, कोण घेणार सिंह?" एकाने वाघ घेतला की सिंह दुसऱ्याकडे. दोन्ही बाजू सारख्या होतात. शिवाय "याला कोणीच घेत नाही" असा शेवटी उरलेला बापडा कुणी राहत नाही. शहरात कप्तान एकेक नाव पुकारतात, त्यात हा शेवटचा नेहमी तोच असतो. त्याच्या मनाला काय वाटत असेल?

मुलींनाही याच रीतीने घ्यावे. "त्या बघतील, टाळ्या वाजवतील" असे म्हणायचे दिवस गेले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्या सांगलीची स्मृती मानधना होती.

राहिली भांडणे. ती बहुतेक चार गोष्टींवरून होतात. पायाला लागून आउट द्यायचे की नाही? आमच्या मते नको. ते ओळखायला मोठा जाणता पंच लागतो. शेवटचा गडी एकटा खेळेल की नाही? मैत्रीच्या मॅचमध्ये खुशाल खेळू द्यावा. उभ्या पिकात चेंडू गेला तर? मारणारा आउट. हा नियम केला की हरभऱ्याकडे कुणी मारीतच नाही आणि शेतकरी काठी घेऊन येत नाही. आणि धावा सारख्या झाल्या तर? १४ जुलै २०१९ रोजी इंग्लंडात विश्वचषकाची शेवटची मॅच झाली. इंग्लंड आणि न्यूझीलंड, दोघांच्याही २४१. पुन्हा एकेक ओव्हर खेळवली, तर पुन्हा बरोबरी! मग ज्याचे चौकार-षटकार जास्त, त्याला विजयी ठरवले. नियम आधी लिहिलेला होता, म्हणून न्यूझीलंडला तो मानावा लागला. पण तो कुणालाच रुचला नाही आणि पुढे तो बदलला. आपल्याला एवढे करायचे कारण नाही. सारख्या झाल्या तर सारख्या म्हणावे.

हे सगळे तोंडी ठरवले तर सहाव्या ओव्हरला कुणी म्हणतो, "असं ठरलंच नव्हतं!" म्हणून ते कागदावर लिहावे. आणि तुम्ही तर आता लिहायला शिकला आहात. ज्याला पळवत नाही, ज्याचा गुडघा दुखतो, त्याने वही घेऊन बसावे. प्रत्येकाच्या नावापुढे धावांच्या उभ्या रेघा ओढाव्या. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी मारावी. म्हणजे मोजताना पाच, दहा, पंधरा असे झरझर मोजता येते. ओव्हर संपली की एकूण बेरीज मोठ्याने वाचून दाखवावी. दोन्ही कप्तानांनी ऐकून होय म्हणावे. वहीवाल्याचा शब्द पंचाइतकाच मोठा असतो.

नियमांचा कागद कसा लिहावा, त्याचा हा नमुना पाहा. नावे आणि आकडे तुमचे तुम्ही घाला.

"आज रविवार. गडी चोवीस. बारा-बारांचे दोन संघ, वाघ-सिंह करून पाडले. जोडीची मॅच. प्रत्येक जोडीला दोन ओव्हर. प्रत्येक संघाला आधी शंभर धावा. आउटला पाच वजा. प्रत्येकाने एक ओव्हर टाकायची. आठ चेंडूंवर ओव्हर संपेल. चेंडू टेनिसचा. पायाला लागून आउट नाही. हरभऱ्यात गेला तर आउट. विहिरीत गेला तर चार धावा, आणि चेंडू काढायला कुणीही विहिरीत उतरायचे नाही. सव्वातीनला सुरुवात. पहिला डाव सव्वाचारला संपेल. मग चहा. दुसरा डाव साडेचारला."

खाली दोन्ही कप्तानांनी सही करावी. ज्याला सही येत नसेल त्याला त्याच दिवशी शिकवावी. कागद पंचाच्या खिशात ठेवावा, आणि मॅच झाली की वहीत चिकटवावा. पुढच्या रविवारी तोच काढून फक्त वार, गडी आणि वेळ बदलायची.